कापू नये

आमच्या घराच्या बरोबर खाली पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. कारखाना हे आपलं मानानं म्हणायचं. आहे एक लांबट खोली, रस्त्याकडे काचेचं दार, दारावर अर्धी अक्षरं उडालेली पाटी. आत पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचा डबा, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि मागच्या भिंतीशी, दोन पायऱ्यांच्या ओट्यावर बसवलेलं कागद कापायचं मशीन. त्याचं पातं माझ्या हाताएवढं लांब. ते खाली आलं की माझ्या स्वयंपाकघरातल्या बशा किणकिणतात. धप्प, धप्प, धप्प. नेहमी तीनच. पुस्तक शिवून झालं की त्याच्या तीन बाजू कापून सारख्या करायच्या. चौथी शिवणीची, तिला हात लावायचा नाही. या घरात नवीन आले तेव्हा चौथ्या धप्पची वाट बघता बघता मी दोनदा दूध उतू घालवलंय.

मशीन चालवतात ते बाइंडरकाका. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल, आणि छातीवरचा खिसा कायम फुगलेला. त्यांचं सगळं ऑफिस त्या खिशात. कोणाचं पुस्तक, कापड कुठल्या रंगाचं, पाठीवर काय लिहायचं, हे एकेका चिठ्ठीवर टिपायचं आणि चिठ्ठी खिशात टाकायची. काम ज्याच्या हातात जाईल त्याच्या हातात चिठ्ठीही जायची. घडीमावशी म्हणतात, "मालकांचा शर्ट चुकून धुवायला गेला, तर त्या दिवशी दुकानाला टाळं."

घडीमावशी म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालणाऱ्या. तीस वर्षं त्याच स्टुलावर बसतात. हाताला जितका आराम नाही तितका तोंडालाही नाही, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. बाइंडरकाका त्यांच्या उलट. बोलणं मोजकं, नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. बांधलेलं पुस्तक मिटून कडेवरून अंगठा फिरवायचे आणि फार खूश झाले तर म्हणायचे, "चालेल." माझ्या कॉलेजच्या शब्दकोशाला त्यांनी नवी पाठ लावून दिली तेव्हा मी केवढं कौतुक केलं. त्यावर त्यांनी कोशाकडे बघून, माझ्याकडे नव्हे, "चालेल" म्हटलं होतं.

त्यांना एक मुलगी. आई लवकर गेली, म्हणून पोर कारखान्यातच वाढली. दुपारची झोप कातरणाच्या टोपलीत. काडीसारखी बारीक आणि सदा कशात तरी अडकलेली, म्हणून तिचं नाव पडलं सुतळी. पण हात असा, की शिलाईचा दोरा तिच्या बोटांत गेला की स्वतःहून वाट काढायचा. विसाव्या वर्षी ती वडिलांच्या बरोबरीनं काम करत होती. आणि चोविसाव्या वर्षी एका दुपारी तिनं काम सोडलं.

त्या दुपारी मी तिथं होते. रिकामी कपबशी परत आणायला खाली गेले होते. एका मोठ्या बागेचे निवृत्त मुख्य माळी त्यांच्या बेचाळीस वह्या बांधायला देऊन गेले होते. चाळीस वर्षं कुठलं झाड कधी फुललं, कधी पानं गळली, हे त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं. तारखा समासात, अगदी कडेला टेकवून. सुतळीनं त्या वह्यांचे सहा जाड खंड केले. शिलाई अशी की बघत राहावं. आणि मग लहानपणापासून जे बघितलं, तेच केलं. शिवलं की कापायचं. धप्प, धप्प, धप्प. सहाही खंडांच्या तारखा कातरणाच्या टोपलीत गेल्या.

माळीबुवा त्या दुपारी वह्या न्यायला आले. एक खंड उघडला, मिटला आणि सगळे काखोटीला मारून निघून गेले. ते गेल्यावर बाइंडरकाका बोलले. ते वर ओट्यावर मशीनपाशी उभे होते, सुतळी खाली. एवढा कमी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी वर्षाचं सगळं बोलून घेतलं. शेवटचं वाक्य मला अजून आठवतं. "तुझ्या हाताला डोळे नाहीत. पुन्हा कागदाला हात लावू नकोस."

तिनं लावला नाही. पुढच्याच आठवड्यात ती दुसऱ्या शहरात मावसबहिणीकडे गेली आणि तिथं एका औषधांच्या दुकानात काउंटरवर लागली. भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. जेवलास का, गुडघा कसा आहे, मावशी काय म्हणतात. पुस्तकाचा विषय दोघंही काढायचे नाहीत. अशी नऊ वर्षं गेली.

यंदा एका रविवारच्या वर्तमानपत्रात एक फोटो आला. फोटो जुना, सगळ्यांना माहीत असलेला. कोर्टात साक्ष द्यायला आणलेली एक लहान मुलगी घाबरून टेबलाखाली शिरली होती. सगळे वरून "ये, ये" करत होते. तेव्हा न्यायाधीशबाईंनी अंगावरचा काळा झगा काढून खुर्चीवर टाकला, खाली उतरल्या आणि तिच्याजवळ फरशीवर बसल्या. साक्ष तिथंच झाली. त्या बाई आता निवृत्त झाल्या, म्हणून तो फोटो पुन्हा छापला होता आणि खाली त्यांचं बोलणं दिलं होतं: 'घाबरलेल्या माणसाला वर बोलवायचं नसतं. आपण खाली जायचं असतं.'

मी ते वाचलं, डोळे पुसले आणि त्याच कागदावर भाजी निवडली. मंगळवारी खाली गेले, तर तोच फोटो बाइंडरकाकांच्या कामाच्या टेबलावर, काचेखाली. कडा अगदी सरळ कापलेल्या.

"वहिनी," ते म्हणाले, "बसा जरा."

माझ्या इथल्या सतरा वर्षांत पहिल्यांदा "बसा" म्हणाले. मी घाबरून पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावरच बसले.

झालं होतं असं. सुतळीच्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयानं जुनी पुस्तकं दुरुस्त करायला एक खोली काढली होती. तिथल्या कोणीतरी तिनं पूर्वी बांधलेलं पुस्तक पाहिलं आणि शोध घेत घेत औषधांच्या दुकानात आले. या आमच्याकडे, म्हणाले. पुढच्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. सुतळी नाही म्हणणार होती. हे तिनं वडिलांना सांगितलं नव्हतं, घडीमावशींना सांगितलं होतं. म्हणजे आख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

"काय म्हणाली ते सांगा की त्यांना," बाइंडरकाका मावशींना म्हणाले.

मावशींनी घडी थांबवली नाही. "म्हणाली, मावशी, दुसऱ्यांची जुनी पुस्तकं. एकदा बिघडली की गेलीच. माझा माझ्या हातावर भरवसा नाही."

बाइंडरकाकांनी खिशात हात घातला. सगळ्या चिठ्ठ्यांच्या मागून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. घड्यांवर फाटायला आलेली, मागून पातळ कागद लावून सांधलेली. त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'माळीबुवा. वह्या ४२. हिरवं कापड. कापू नये.'

मी ती दोनदा वाचली.

"ही तुमच्याकडे होती?"

"तिला वह्या दिल्या. चिठ्ठी द्यायची राहिली. त्याच संध्याकाळी सापडली."

"मग तेव्हाच का नाही—"

"संध्याकाळी सापडली," ते पुन्हा म्हणाले. "दुपारी मी तसं बोलून बसलो होतो."

मावशी म्हणाल्या, "नऊ वर्षं एकच खिसा का चाचपतात, ते आज कळलं. मला वाटायचं, छातीत दुखतं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!" पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

फोनवर सांगून बघितलं का, असं मी विचारलं. बघितलं होतं. दोन रविवार. दोन्ही वेळा तोंडातून आलं, "बरं, ठेवतो." म्हणून आता कार्ड करायचं होतं, आणि त्यातल्या चार ओळी मी लिहून द्यायच्या होत्या. मी शिकलेली, म्हणून.

मला अर्थातच चढलं. वर जाऊन चांगली दोन पानं भरली. काळाच्या ओघात, मनाच्या तळाशी, नात्याची वीण, काय नि काय. दुपारी नेऊन दिली. त्यांनी सावकाश वाचली, पुन्हा वाचली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "वहिनी, यात खिसा कुठाय?"

खिसा नव्हता. मी माझी पानं परत घेतली.

दोन दिवस ते कार्डात होते. बाकीचं काम मावशी रेटत होत्या. दुधी रंगाचा जाड कागद, आत पातळ पांढरं पान चिकटवलेलं. कार्ड उघडलं की डाव्या बाजूला एक उंच, रिकामी खुर्ची उभी राही, पाठीवर काळा झगा टाकलेला. तिच्या पायाशी, घडीत, कागदाच्या दोन लहान आकृत्या बसलेल्या, एक मोठी, एक छोटी. मिटताना सगळं मुकाट खाली निजायचं. सुरीनं कापलेल्या त्या झग्याच्या चुण्या बघून मी थक्क झाले.

मावशींनी चष्मा वर केला. "ही न्यायाधीश का? मला वाटलं, बटाट्याचं पोतं."

"बसल्यात त्या."

"पोतंही बसलेलंच असतं."

बाइंडरकाकांनी चिडून आकृती काढली, मानेपाशी केसभर कापली, पुन्हा लावली. बाई एकदम छोटीकडे वाकल्या. मावशी पुन्हा आपल्या घड्यांकडे वळल्या. म्हणजे चालेल.

उजव्या बाजूला त्यांनी स्वतःच लिहिलं, पुस्तकाच्या पाठीवर लिहितात तशा ठसठशीत अक्षरात. मला वाचून दाखवलं.

सुतळी,
कापू नये ही चिठ्ठी
माझ्या खिशात होती.
ती चूक तुझी नव्हती.
बाबा

माझ्या दोन पानांत जे नव्हतं, ते सगळं त्यात होतं. मी म्हटलं, आता लगेच टपालात टाका, आज गुरुवार आहे, शनिवारपर्यंत पोचेल. ते म्हणाले, "खळ सुकली की टाकतो."

मी वर आले. कुकर लावला. आणि बशा किणकिणल्या.

धप्प. धप्प. धप्प.

काय कापलं असेल ते मला आधी सुचलंच नाही. मग सुचलं. खाली एकदम शांत झालं होतं, मावशीसुद्धा. मी गॅस बंद केला आणि जिना उतरले.

बाइंडरकाका ओट्यावर उभे होते. एका हातात कार्ड, दुसऱ्या तळहातावर दोन बोटं रुंदीची कागदाची पट्टी. आतलं पान आणि बाहेरचा कागद यांच्या कडा जराशा पुढेमागे होत्या. खळ सुकली, कडा दिसल्या आणि हात मशीनकडे गेले. चिकटवलं की कापायचं. मशीनची मापपट्टी सकाळच्या वह्यांच्या मापावर लावलेली, ती बघायचंही राहिलं.

"वाचा," त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं.

खुर्ची शाबूत होती. बाई शाबूत होत्या. उजव्या पानावर लिहिलं होतं:

सुतळी,
कापू नये ही
माझ्या खिशात
ती चूक तुझी
बाबा

त्यांच्या तळहातावरच्या पट्टीत एकाखाली एक तीन शब्द होते: चिठ्ठी, होती, नव्हती.

"जित्याची खोड," मावशी पुटपुटल्या आणि पुढची म्हण गिळली.

"दुसरं करा," मी म्हटलं. "कागद आहे, उद्या सकाळी—"

"उद्याचं सोमवारी पोचेल." ते ओट्याच्या पायरीवर बसले. आधी वरच्या, मग का कोण जाणे, सरकून खालच्या. "ती सकाळीच नाही कळवून मोकळी होईल."

रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाइंडरकाका पट्टी कार्डाला लावून बघत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. बरोबर जुळत होती. जुळणारच.

"चिकटवा मागून," मी म्हटलं. "तुमच्यासारख्या माणसाला काय अवघड आहे? कळणारसुद्धा नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काचेखालच्या फोटोकडे.

"कळणार नाही," ते म्हणाले. "तसंच नऊ वर्षं चाललंय."

त्यांनी कार्ड पाकिटात घातलं, कापलेलं तसंच. पट्टी सुटी आत ठेवली. मग खिशातून ती पिवळी चिठ्ठी काढली, एकदा उलगडली, मिटली आणि तीही आत टाकली. पाकीट चिकटवलं. कडा वाकडी राहिली, तरी मशीनकडे गेले नाहीत. स्वतः चालत टपाल कचेरीत गेले. परत आल्यावर बाकीच्या चिठ्ठ्याही ज्या त्या कामावर ठेवल्या, तेव्हा त्यांचा खिसा पहिल्यांदाच मला सपाट दिसला.

शनिवारी सकाळी मी मुद्दाम खाली रेंगाळत होते. कारण म्हणून हातात शब्दकोश होता, ज्याला काहीही झालेलं नव्हतं. अकराच्या सुमारास फोन वाजला. बाइंडरकाकांचे दोन्ही हात खळीत. मावशींनी विचारायच्या आधीच बटण दाबून फोन मोठ्या आवाजावर ठेवला. हा त्यांचा गुन्हा होता की उपकार, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

"बाबा?"

"हं."

"कार्ड मिळालं."

"हं."

"तू कापलंस?"

"हो."

"तीन बाजू?"

"तीन."

"अरे, कार्डाला कोणी मशीन लावतं का!" आणि ती हसली. हसता हसता आवाज मध्येच बसला. मावशींनी घडी थांबवली. त्यांच्या तीस वर्षांत हे बहुधा पहिल्यांदाच घडलं असेल.

"चिठ्ठी खिशातच होती?"

"होती."

"नऊ वर्षं?"

"हो."

"बाबा, मी नऊ वर्षं गोळ्यांची पाकिटं मोजतेय. दर वेळी तीनदा मोजते. मॅनेजर चिडतो, एवढं काय मोजायचं म्हणून. मला वाटायचं, माझे हातच..." ती थांबली. "तुला एकदा तरी सांगता आलं असतं. एका रविवारी. कितीतरी रविवार होते."

मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील. हिंमत झाली नाही, तुझ्या भल्यासाठी, विसर आता. माणसं म्हणतात तसं काही. त्याऐवजी खळीचे हात तसेच अधांतरी धरून ते खाली फरशीवर, फोनच्या टेबलाशी बसले. गुडघा कडकन वाजला.

"काय वाजलं?"

"गुडघा. खाली बसलो."

"कशाला?"

"असंच," ते म्हणाले. आणि मग, थोड्या वेळानं, "सांगता आलं असतं. सांगितलं नाही. तू बोल. मी ऐकतोय."

ती बोलली. त्यातलं फार थोडं इथं सांगण्यासारखं आहे. गोड तर मुळीच नव्हतं. त्या दिवशी तिला काय वाटलं, गाडीत काय वाटलं, पुस्तकांच्या दुकानासमोरून जाताना ती रस्ता कशी ओलांडते. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्यांच्या बोटांवर खळ सुकून पांढरी झाली. मी शब्दकोश घेऊन दाराबाहेर जाऊन उभी राहिले. मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी तिला टोपलीत झोपवलेलं, त्यांचा तो हक्कच होता.

शेवटी दारातून ऐकू आलं ते एवढंच:

"सोमवारी जाऊन बघते. हो म्हणतेय असं समजू नकोस. नुसतं बघते."

"बघ," बाइंडरकाका म्हणाले.

"आणि बाबा, बाई छान जमल्यात. मानेचं वळण."

"ते मी सुचवलं!" मावशी ओरडल्या.

याला आता चार महिने झाले. सुतळी ग्रंथालयात जाते. आठवड्यातले तीन दिवस तिथं, बाकीचे अजून औषधांच्या दुकानात. तिला घाई नाही. रविवारचा फोन आता लांबतो. कधी कधी तो मध्येच तुटतो आणि तुटलाच राहतो, कारण एखादी जुनी गोष्ट निघालेली असते. पुढच्या रविवारी पुन्हा येतो. माळीबुवांकडे बाइंडरकाका स्वतः जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, पण येताना हातात एक रोप होतं. ते आता काचेच्या दाराशी ऊन खात असतं.

मागच्या आठवड्यात तिकडून एक चपटं पार्सल आलं. आत तेच कार्ड. तिनं ते एका मोठ्या, जाड कागदावर बसवलं होतं, चारही बाजूंनी हात मावेल एवढा समास सोडून. पट्टी आपल्या जागी परत लावलेली, मागून कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदानं. सगळे शब्द पुन्हा ओळीत आले होते.

बाइंडरकाकांनी ते उजेडात धरलं. सांध्यावरून अंगठा फिरवला. मी आणि मावशी 'चालेल'ची वाट बघत होतो.

"जोड दिसतो," ते म्हणाले.

मावशी उसळल्या. "अहो, नऊ वर्षांनी पोरीनं हात लावला आणि तुम्ही—"

"दिसलाच पाहिजे. फोनवर सांगत होती. तिथं तसंच शिकवतात. दुरुस्ती लपवायची नाही, पुढच्या माणसाला कळली पाहिजे." त्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला, अगदी सावकाश. "मला नसतं जमलं."

त्यांच्या तोंडी हे वाक्य मी सतरा वर्षांत ऐकलं नव्हतं. कार्ड त्यांनी मशीनच्या वर भिंतीवर लावलं. मशीनच्या दांड्यावर आता एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते, ठसठशीत अक्षरात: 'आधी खिसा बघा.' परवा ते माझ्या पुतण्याची वही कापायला वर चढले, दांड्याला हात घातला, थांबले, खिसा चाचपला. मावशी न बघताच म्हणाल्या, "रिकामा आहे, मालक. चालू द्या."

वर येऊन मी बशांची किणकिण मोजली. तीनदा किणकिणल्या.